क्वेरीतूनच कळेल का, नोंदीतली फाइल डिस्कवर खरंच आहे की नाही? (पोस्टग्रेस, बडोदा)

दांडियाबाजारकर
शुक्रवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आमच्या बडोद्यातल्या एका छोट्या मराठी वाचनालयात जुने अंक, नाटकांच्या जाहिराती, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका, २०१८ च्या ९१व्या साहित्य संमेलनाचे फोटो, असं सगळं स्कॅन करून ठेवायचं काम चालू आहे. स्कॅनिंग आळीपाळीने स्वयंसेवक करतात. कोणी घरून पेनड्राइव्हवर आणून देतं, कोणी वाचनालयातल्या विंडोजच्या मशीनवर करतं. शेवटी सगळं एका उबुंटूच्या (लिनक्सच्या) मशीनवर येतं आणि पोस्टग्रेस ह्या डेटाबेसमध्ये प्रत्येक दस्तऐवजाची एक नोंद होते: दाखल क्रमांक, शीर्षक, वर्ष आणि फाइलचा पूर्ण मार्ग.

अडचण अशी की सभासद शोध घेतात, नोंद सापडते, क्लिक केलं की पान कोरं. कुठे फाइलच आलेली नाही, कुठे नाव बदललंय. एकेक नोंद उघडून बघणं शक्य नाही. मला एकच क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) हवी आहे: ज्या नोंदींची फाइल डिस्कवर नाही त्यांची यादी दे. पोस्टग्रेसमधून असं विचारता येतं का?

कारेलीबाग_कीबोर्ड
शुक्रवार, रात्री ९:४०

येतं. पीजी_स्टॅट_फाइल नावाचं फंक्शन आहे. त्याला मार्ग द्यायचा, ते आकार, शेवटच्या बदलाची वेळ, ती फोल्डर आहे का, एवढं परत देतं. फाइल नसेल तर एरवी एरर देऊन थांबतं, पण दुसरा पॅरामीटर ट्रू दिलात तर एररऐवजी नल (रिकामं उत्तर) येतो. हा दुसरा पॅरामीटर ९.५ पासून आहे. म्हणजे क्वेरीच्या वेअरमध्ये (अट लिहायच्या जागी) "पीजी_स्टॅट_फाइल(मार्ग, ट्रू) इज नल" लिहिलंत की यादी हातात.

हक्कांचं आधी बघा. हे फंक्शन मुळात फक्त सुपरयुजरला (डेटाबेसमधले सगळे हक्क असलेल्याला) चालतं. दुसऱ्या युजरला एक्झिक्यूटचा (ते चालवायचा) हक्क वेगळा द्यावा लागतो. शिवाय डेटा डिरेक्टरीच्या बाहेरचा मार्ग असेल (तुमचा असणारच) तर त्या युजरला पीजी_रीड_सर्व्हर_फाइल्स हा रोलही (तयार हक्कसंच) लागतो. तो आवृत्ती ११ पासून आला. वेबसाइट ज्या युजरने डेटाबेसला जोडली जाते त्याला हा रोल कधीही देऊ नका, कारण त्या रोलने सर्व्हरवरची पोस्टग्रेसला वाचता येणारी कुठलीही फाइल वाचता येते. तपासणीसाठी वेगळा युजर काढा.

मकरपुरा_शिफ्ट
शुक्रवार, रात्री १०:२५

आम्ही कारखान्यात मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस वापरतो. ड्रॉइंगच्या फाइलींसाठी नेमकी हीच गरज होती म्हणून लिहितो.

जुना रस्ता एक्सपी_फाइलएक्झिस्ट. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत दस्तऐवजांत नाही, पण वर्षानुवर्षं सगळे वापरतात. तीन उत्तरं देतं: फाइल आहे का, ते फोल्डर आहे का, वरचं फोल्डर आहे का. हे प्रोसिजर असल्यामुळे सिलेक्टमध्ये बसत नाही, कर्सर लावून एकेक ओळ फिरवावी लागते. २०१७ पासून सिस.डीएम_ओएस_फाइल_एक्झिस्ट्स आलं. तीच तीन उत्तरं, पण हे टेबल देणारं फंक्शन असल्याने क्रॉस अप्लायने थेट टेबलाला जोडता येतं. कर्सरचा जाच संपला.

खरी गोष्ट पुढे आहे. आमच्याकडे सगळे मार्ग झेड ड्राइव्हचे होते. प्रत्येकाच्या मशीनवर झेड उघडत होता आणि क्वेरी मात्र एकूणएक फाइल "नाही" म्हणत होती. कारण झेड ड्राइव्ह हा ज्याने लॉगिन केलंय त्याचा असतो. एसक्यूएल सर्व्हर सर्व्हिस म्हणून (कोणी लॉगिन न करता, मागे) चालतो, त्याच्या सेशनमध्ये झेड नावाचं काही नसतंच. मार्ग सर्व्हरच्या नावापासूनचे, दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारे करावे लागले. तरीही नाहीच. मग कळलं की सर्व्हिस नेहमीच्या व्हर्च्युअल अकाउंटवर चालते तेव्हा नेटवर्कवर ती मशीनच्या नावाने जाते, शेवटी डॉलर चिन्ह असलेलं. शेअर फोल्डरवर त्या मशीन अकाउंटला वाचायचा हक्क दिला आणि खरी यादी आली.

म्हणून दांडियाबाजारकर, "फाइल आहे का" हा प्रश्न तुम्ही विचारत असलात तरी बघणारा सर्व्हर असतो, त्याच्या मशीनवरून आणि त्याच्या हक्कांनी. तुमच्या स्क्रीनवर फाइल दिसते ह्याला त्याच्या लेखी काही अर्थ नाही.

सुरसागर७
शुक्रवार, रात्री १०:५०

मायएसक्यूएल डेटाबेसवाल्यांनी लोड_फाइल ह्या फंक्शनच्या भरवशावर राहू नये. फाइल नसेल तर नल, वाचायचा हक्क नसेल तर नल, सिक्युअर_फाइल_प्रिव्हने नेमून दिलेल्या फोल्डरबाहेर असेल तर नल, मॅक्स_अलाउड_पॅकेट ह्या सेटिंगमधल्या मर्यादेपेक्षा मोठी असेल तरी नल. ८.० मध्ये ती मर्यादा मुळात ६४ एमबी आहे. मोठा टिफ (चित्राच्या जड फाइलीचा प्रकार) स्कॅन डिस्कवर धडधडीत असतो आणि हे महाशय नल देतात. शिवाय नुसतं असणं-नसणं बघायला अख्खी फाइल मेमरीत ओढतात.

ओरॅकलमध्ये डीबीएमएस_लॉब.फाइलएक्झिस्ट्सला बीफाइलनेम दिलं की १ किंवा ० मिळतो, सिलेक्टमध्येही चालतं. फोल्डरचा मार्ग सांगणारा डिरेक्टरी ऑब्जेक्ट आधी करून घ्यावा लागतो.

दांडियाबाजारकर
शनिवार, सकाळी ११:३०

सगळ्यांचे आभार. कारेलीबागदादा, तुम्ही सांगितलं तसं केलं. यादी आलीच नाही, क्वेरी मध्येच थांबते: "परमिशन डिनाइड". स्कॅन एका स्वयंसेवकाच्या होम फोल्डरमध्ये आहेत. दुसरा पॅरामीटर ट्रूच दिलाय.

कारेलीबाग_कीबोर्ड
शनिवार, दुपारी १२:०५

ही एरर आली हे उत्तमच झालं. समजावतो.

तो ट्रू फक्त एकाच परिस्थितीसाठी आहे: ऑपरेटिंग सिस्टिमने "अशी फाइल नाही" असं स्वच्छ सांगितलं तर नल. बाकी कुठलीही अडचण आली, हक्क नाही, नाव फार लांब आहे, मार्गातलं मधलं एखादं फोल्डर प्रत्यक्षात फाइल आहे, तर पोस्टग्रेस एरर देतो. म्हणजे "नाही" आणि "मला दिसत नाही" ह्यात तो फरक करतो. सुरसागरांनी वर मायएसक्यूएलचं लिहिलंय ते बघा, तिथे सगळ्याला एकच नल. तुमच्या क्वेरीने "परमिशन डिनाइड"लाही नल दिला असता तर तुम्ही हजारो स्कॅन हरवले म्हणून पुन्हा करायला बसला असता.

कारण सरळ आहे. उबुंटूत २१.०४ पासून होम फोल्डरचा हक्क ०७५० असतो, म्हणजे मालक आणि त्याचा गट सोडून बाहेरच्यांना प्रवेश नाही. पोस्टग्रेस सर्व्हर लिनक्सच्या "पोस्टग्रेस" ह्या युजरने चालतो, तो तिथे बाहेरचाच. टर्मिनलवर नेमआय -एल आणि पुढे पूर्ण मार्ग द्या, मार्गातल्या प्रत्येक फोल्डरचे हक्क एकाखाली एक दिसतील. फाइलची माहिती घ्यायला फाइलवर वाचायचा हक्क लागत नाही, पण वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर एक्स (आत शिरायचा हक्क) लागतो. एक जरी अडला तरी वाट बंद.

होम फोल्डर उघडं टाकू नका. स्कॅन तिथून हलवा, एसआरव्ही ह्या सामायिक फोल्डरखाली एक फोल्डर करा, त्यात ठेवा.

आणि फाइलची माहिती मिळाली म्हणजे वेब सर्व्हरला ती वाचता येतेच असंही नाही. तो वेगळ्या युजरने चालतो. त्याची परीक्षा त्याच्याच नावाने घ्यायची.

निवृत्त_ग्रंथपाल_ताई
शनिवार, दुपारी ४:२०

मला पोस्टग्रेस येत नाही, पण हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे.

ग्रंथालयात दरवर्षी ग्रंथपडताळणी होते. दाखल नोंदवहीत पुस्तक आहे, कपाटात आहे का? नवीन मुलं काय करतात, नोंदवहीतली एक ओळ वाचतात, उठतात, कपाटापाशी जातात, बघतात, परत येतात. संध्याकाळपर्यंत एक कपाट होत नाही. अनुभवी माणूस कपाटापाशी उभा राहतो, एका टोकापासून प्रत्येक पुस्तकाचा दाखल क्रमांक वाचत जातो, दुसरा नोंदवहीत खूण करतो. संपल्यावर खूण नसलेल्या ओळी म्हणजे हरवलेली पुस्तकं. आणि कपाटात निघालेली पण नोंदवहीत नसलेली पुस्तकं आपोआप वेगळी पडतात. ती दुसरी यादी पहिल्या पद्धतीत कधीच मिळत नाही!

तुमच्याकडेही डिस्कवर असे स्कॅन असतील ज्यांची नोंदच झालेली नाही. ते सभासदांपर्यंत कधीच पोचणार नाहीत. मला तर हरवलेल्यांइतकीच त्यांची काळजी वाटते. १९१० मध्ये सयाजीरावांनी ग्रंथालयतज्ज्ञ बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून बडोद्यात ग्रंथालयांचं जाळं उभारायला घेतलं, ते पुस्तक वाचकाच्या हाती पडावं म्हणूनच. नोंद नसलेलं पुस्तक नसल्यातच जमा.

कारेलीबाग_कीबोर्ड
शनिवार, संध्याकाळी ५:००

ताई, तुम्ही अगदी मर्मावर बोट ठेवलंत. मी सांगितलेली क्वेरी म्हणजे दर ओळीला उठून कपाटापर्यंत जाणं आहे. पाच-पन्नास नोंदींना ठीक, सगळ्या साठ्याला नाही.

तुमची पद्धत संगणकावर अशी: फाइंड कमांडने फोल्डरची पूर्ण यादी एकदाच काढायची, प्रत्येक फाइलचा पूर्ण मार्ग (नोंदीत असतो तसाच) आणि आकार, मध्ये टॅब. ती यादी पीएसक्यूएलमधल्या (पोस्टग्रेसला आज्ञा द्यायच्या प्रोग्रॅममधल्या) बॅकस्लॅश कॉपीने एका तात्पुरत्या टेबलात भरायची. ही कॉपी क्लायंटकडून, म्हणजे तुमच्या बाजूने, चालते, त्यामुळे सुपरयुजर नको, तो रोल नको, काहीच नको. मग नोंदींचं टेबल आणि हे टेबल फुल आउटर जॉइनने (दोन्हीकडच्या न जुळलेल्या ओळीही ठेवणारी जोडणी) जोडायचं. डिस्कची बाजू नल, ती फाइल हरवलेली. नोंदीची बाजू नल, ती बिननोंदीची. एका क्वेरीत दोन्ही याद्या.

एकेका नोंदीच्या तपासणीला, समजा नवीन नोंद भरताना लगेच बघायचंय, पीजी_स्टॅट_फाइल उत्तम. त्यातही मार्ग बाहेरून घेऊ नका. सिक्युरिटी डिफायनर फंक्शन (बनवणाऱ्याच्या हक्कांनी चालणारं) लिहा, त्याला फक्त दाखल क्रमांक द्या, मार्ग ते स्वतः टेबलातून काढेल.

मकरपुरा_शिफ्ट
शनिवार, संध्याकाळी ५:४५

मार्ग बाहेरून न घेण्याबद्दल दुजोरा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एक्सपी_फाइलएक्झिस्ट किंवा एक्सपी_डिरट्रीला कोणी स्वतःच्या मशीनचा नेटवर्क मार्ग दिला तर सर्व्हर तिथे ओळख पटवायला जातो आणि सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड हॅश (पासवर्डवरून काढलेली सांकेतिक खूण) त्या माणसाच्या हाती लागतो. हल्लेखोरांची ही जुनी आणि चालणारी युक्ती आहे.

अलकापुरी_नवखा
शनिवार, रात्री ८:१५

टेबलावर चेक कन्स्ट्रेंटच (ओळ स्वीकारण्याची अट) टाकला तर? फाइल नसेल तर नोंदच होणार नाही.

कारेलीबाग_कीबोर्ड
शनिवार, रात्री ८:४०

नको. चेक फक्त ओळ घालताना किंवा बदलताना तपासला जातो. उद्या कोणी फाइल उडवली तर डेटाबेसला पत्ताही लागणार नाही. त्याहून वाईट म्हणजे बॅकअप दुसऱ्या मशीनवर परत आणायची वेळ आली, तिथे फाइली अजून आलेल्या नाहीत, तर ते टेबल भरणारच नाही. ज्या दिवशी बॅकअप सर्वांत जास्त लागतो त्या दिवशी तो अडेल. चेकमध्ये फक्त त्या ओळीतल्या मजकुरावरून ठरणाऱ्या गोष्टी असाव्यात.

दांडियाबाजारकर
रविवार, दुपारी १:१०

ताईंच्या पद्धतीने केलं. फाइंड आणि जॉइन मिळून चहा होईपर्यंत सगळं झालं. दोन्ही याद्या आल्या.

पण एक विचित्र प्रकार. काही फाइली दोन्ही यादीत आहेत! "हरवलेली" म्हणूनही तेच नाव आणि "बिननोंदीची" म्हणूनही तेच. डोळ्यांनी अक्षर न अक्षर सारखं. उदाहरणार्थ "साताऱ्याच्या आठवणी". काही ठिकाणी फक्त शेवटचं जेपीजी मोठ्या लिपीत आहे, ते समजलं, विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. पण ह्या मराठी नावांचं काय?

युनिकोडप्रेमी_रावपुरा
रविवार, दुपारी २:३०

हा माझा प्रांत.

"साताऱ्याच्या"मधलं ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतं. एक: ऱ (खाली टिंब असलेलं, युनिकोड ०९३१), हलन्त, य. दुसरं: साधा र, हलन्त, मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर, मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, बाइट वेगळे. डिस्क बाइट बघते. एका स्वयंसेवकाचा कीबोर्ड पहिला प्रकार देतो, दुसऱ्याचा दुसरा.

तसंच हिंदी कीबोर्ड वापरणारा कोणी असेल तर गायकवाडमधल्या ड खाली नुक्ता (टिंब) येऊ शकतो. तो ड़ सुद्धा दोन प्रकारे साठतो, एकच अक्षर म्हणून (०९५सी) किंवा ड आणि नुक्ता अशी जोडी. पोस्टग्रेसमध्ये १३ पासून नॉर्मलाइझ फंक्शन आहे, ते एकाच अक्षराचे वेगवेगळे प्रकार एकसारखे करतं, एनएफसी हे प्रमाण रूप मागितलं की ह्या दोन्हींची जोडीच होते. पण झिरो विड्थ जॉइनर नॉर्मलाइझने जात नाही. त्यासाठी र, हलन्त, जॉइनर हा क्रम ऱ आणि हलन्ताने बदलायला रिप्लेस लावा. आधी रिप्लेस, मग नॉर्मलाइझ, जॉइनच्या दोन्ही बाजूंना.

हे फक्त जुळवण्यापुरतं. जुळल्यावर नोंदीत मार्ग लिहायचा तो डिस्कवर जसा आहे तसाच, बाइट न बाइट. सुधारून लिहिलात तर फाइल उघडणार नाही.

आणखी एक बघा. तुमच्या हरवलेल्यांत लांब नावांच्या फाइली जास्त आहेत का? लिनक्सच्या एक्स्ट४ ह्या फाइल सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वार धरून, ३ बाइट घेतं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं, एक्स्टेन्शन धरून त्याहून कमी. विंडोजच्या एनटीएफएसवर मर्यादा २५५ चिन्हांची. पूर्ण शीर्षक नावात घातलेली फाइल विंडोजवर गुण्यागोविंदाने राहते आणि लिनक्सवर कॉपी करताना नाकारली जाते. कॉपी पुढे जाते, ती एक मागे राहते.

दांडियाबाजारकर
रविवार, संध्याकाळी ७:२०

अगदी तेच! विंडोजच्या मशीनवर जाऊन पाहिलं. संमेलनाच्या फोटोंना परिसंवादाचं अख्खं नाव, वक्त्यांची नावं, तारीख, सगळं फाइलच्या नावात घातलेलं होतं. ते फोटो तिथेच आहेत, सुखरूप. हरवले नव्हतेच. किती बरं वाटलं सांगू! आणि रिप्लेस लावल्यावर दोन्ही यादीत दिसणाऱ्या मराठी नावांच्या जोड्या जुळल्या.

निवृत्त_ग्रंथपाल_ताई
रविवार, संध्याकाळी ७:५०

फाइलला शीर्षकाचं नाव का द्यायचं मुळात? दाखल क्रमांक द्या. पुस्तकाच्या पाठीवर आपण शीर्षक चिकटवत नाही, क्रमांक चिकटवतो. शीर्षक नोंदवहीत राहू द्या, तिथे ते दुरुस्त करता येतं. क्रमांक इंग्रजी आकड्यांत, पुढे शून्यं लावून सारख्या लांबीचा, मग पान क्रमांक. ऱ्य नाही, नुक्ता नाही, लांबीचा प्रश्न नाही.

युनिकोडप्रेमी_रावपुरा
रविवार, संध्याकाळी ८:०५

ताईंना शंभर टक्के अनुमोदन. मराठी नावांवर माझा जीव आहे, पण ती टेबलात शोभतात, फाइल सिस्टिमवर नाही.

सुरसागर७
रविवार, रात्री ९:३०

रोज रात्री ही पडताळणी आपोआप चालवणार असाल तर दोन इशारे.

पहिला. स्कॅन पुढे नॅसवर (नेटवर्कवरच्या साठवणपेटीवर) हलवलेत आणि एखाद्या रात्री नॅस जोडला गेला नाही, तर माउंटचं (नॅस जिथे जोडायचा ते) फोल्डर तिथे असतं, पण रिकामं. फाइंड शांतपणे शून्य फाइली देईल, जॉइन म्हणेल सगळंच हरवलं. त्यावरून कोणी नोंदी पुसायची स्क्रिप्ट लावली असेल तर सकाळी वाचनालय रिकामं. नॅसच्या आत एक खुणेची फाइल ठेवा. ती दिसली तरच पुढे जायचं, नाहीतर तिथेच थांबून निरोप पाठवायचा. आणि हरवलेल्या फाइलीची नोंद कधीही आपोआप पुसू नका. "शेवटची दिसली" असा तारखेचा रकाना ठेवा, बस.

दुसरा. नॅस एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली वापरायच्या पद्धतीने) जोडला असेल आणि तो मध्येच गप्प झाला, तर पीजी_स्टॅट_फाइल असलेली क्वेरी उत्तराची वाट बघत अडकून राहते. रद्द करा म्हटलं तरी ऐकत नाही, स्टेटमेंट टाइमआउटही उपयोगाचा नाही, कारण ती कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) अडकलेली असते. तेवढा वेळ तिचा स्नॅपशॉट (तिला दिसणारं डेटाचं चित्र) उघडा राहतो, पोस्टग्रेसच्या व्हॅक्यूम ह्या साफसफाईला जुन्या ओळी साफ करता येत नाहीत. वैतागून त्या प्रोसेसला किल -९ दिलात (जबरदस्तीने मारलीत) तर पोस्टग्रेस सगळ्यांचीच कनेक्शन्स तोडून रिकव्हरीला जातो. म्हणून डिस्क फिरण्याचं काम डेटाबेसच्या बाहेर, फाइंडकडेच राहू द्या. अडकला तर तो एकटा अडकेल.

अलकापुरी_नवखा
रविवार, रात्री ९:५०

आणि फाइल आहे पण आत काही नाही, असं असेल तर?

कारेलीबाग_कीबोर्ड
रविवार, रात्री १०:१५

फार चांगला प्रश्न. पेनड्राइव्ह मध्येच ओढला की शून्य बाइटची किंवा अर्धवट फाइल राहते. फाइंडच्या यादीत आकार घेतलाच आहे, तर आकार शून्य असलेल्यांची तिसरी यादी काढा. अर्धवट फाइली आकारावरून नेहमी कळत नाहीत. स्कॅन झाल्या झाल्या, मूळ मशीनवरच, शा२५६सम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा हॅश, मजकूर बदलला की तो बदलतो) काढून नोंदीत ठेवा आणि सर्व्हरवर आल्यावर पुन्हा काढून ताडून बघा. हेही बाहेरच करा. पोस्टग्रेसमधून फाइल वाचून हॅश काढता येतो, पण त्यासाठी ती अख्खी मेमरीत घ्यावी लागते, मोठ्या टिफना ते परवडत नाही.

दांडियाबाजारकर
सोमवार, रात्री ९:००

आजपासून नवीन स्कॅनना दाखल क्रमांकाचंच नाव. जुन्यांची नावं बदलायची स्क्रिप्ट कारेलीबागदादा आणि मी मिळून लिहितोय. ती जुनं नाव एका रकान्यात जपून ठेवेल. खुणेची फाइल ठेवली. शून्य बाइटच्या फाइली निघाल्या, बहुतेक एकाच बॅचच्या, त्यातल्या काही कार्यक्रमपत्रिकांचे मूळ कागद ज्यांनी दिले होते त्यांना परत गेलेत. त्या कुटुंबांना उद्या फोन करतो.

बिननोंदीच्या यादीत जुन्या नाटकांच्या जाहिरातींचं एक अख्खं फोल्डर निघालं, ज्याची नोंद कोणी केलीच नव्हती. ताई, तुम्हाला वेळ असेल तर शनिवारी वाचनालयात याल का? वर्ष आणि नाट्यसंस्था ओळखून नोंदी करायला तुमच्यासारखं माणूस हवं आहे.

निवृत्त_ग्रंथपाल_ताई
सोमवार, रात्री ९:२०

येते. सकाळी दहाला. दाखल नोंदवही काढून ठेवा.